खाडीकाठची गाळपेर

बदली होऊन रत्नागिरीला आले आणि आल्या आल्या सायकल घेतली, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. हे शहर सायकलीचं नाही, असं प्रत्येकाने मला आपापल्या परीने समजावलं. वर मारुती मंदिर, माळनाका. खाली बाजार, बंदर, मांडवी. आणि मधे नुसते चढ. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सायकल घेतलीच. मला एका जागी बसवत नाही, हे त्यांना काय माहीत. नांदेडला नोकरीला होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी वजिराबादेतून निघायचे आणि गोदावरीच्या काठाने घाटामागून घाट पालथे घालायचे. आमच्या लातूर-नांदेडकडच्या सपाट रस्त्यांवर एकदा पायडल मारायला लागलं की माणूस भूक लागेपर्यंत थांबत नाही. रत्नागिरीत अर्धा वेळ सायकल मला न्यायची आणि अर्धा वेळ मी तिला ढकलत न्यायचे. घामाघूम होऊन घरी यायचे तेव्हा कुठे जरा बरं वाटायचं.

पहिलं वर्ष मी असंच भटकण्यात घालवलं. मिरकरवाड्याला होड्या लागताना गेले, किल्ल्यावर चढले, दीपगृह पाहिलं. काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन समुद्र आहेत म्हणून दोन्ही पाहिले. फरक वाळूत होता, पाण्यात नाही. जिथे सायकल जात नाही तिथे ती कुणाच्या तरी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवायची आणि पाखाडी उतरायची. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, वर फणसाची सावली, आणि वाट संपते ती थेट कुणाच्या तरी अंगणात. अंगणातली बाई विचारायची, कुणाकडे आलात? कुणाकडेच नाही, म्हटलं की ती बिचारी गोंधळून जायची. मग मी पाणी मागायचे, ती गूळही द्यायची, आणि मी परत चढायला लागायचे.

या बिनकामाच्या भटकंतीला काम मिळालं ते आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. निलंग्याच्या बाजूला, तेरणेच्या धरणाकाठी आमचं गाव आहे. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि आई गेल्यापासून आप्पा गावात एकटे. त्या वर्षी तुरी काढायच्या आधी त्यांना शेतात चक्कर आली आणि ते बांधावर पडले. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून बरं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना यापुढे एकटं ठेवू नका. मी त्यांना तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर, माझ्याकडे चला म्हणाले. आप्पांचं मत असं की लेकीकडे बापाने पाहुणा म्हणून जावं, मुक्काम ठोकू नये. बराच वेळ ते समोरच्या रिक्षा बघत बसले. मग म्हणाले, "रास झाली की येतो. करमलं तर राहीन. न्हाई करमलं तर मला गाडीत बसवून द्यायचं, माय. वाद न्हाई घालायचा."

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला वावच नव्हता.

आता प्रश्न एवढाच होता की त्यांना रत्नागिरीत करमेल कुठे. राहिले तर माझ्या डोळ्यांसमोर राहतील. गेले तर पुढची चक्कर कुठे येईल आणि तेव्हा कोण जवळ असेल, या विचाराने मला जेवण जाईना. आप्पांना करमायला काय लागतं हे मला पक्कं ठाऊक होतं. एक सावलीचं झाड, खाली टेकायला दगड, समोर रस्ता, रस्त्यावर येणीजाणी, आणि शेजारी चार माणसं, ज्यांना काही काम नाही आणि ते लपवायची गरजही वाटत नाही. आमच्याकडे असं ठिकाण शोधावं लागत नाही, त्याच्यातून वाट काढत घरी जावं लागतं. रत्नागिरीत मी ते शोधायला निघाले, रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर.

कोकणातल्या माणसाला निवांतपणा पुष्कळ असतो, पण तो स्वतःच्या पडवीत. रस्त्यावर बसून राहणं त्याला आवडत नाही. थिबा पॉइंटला बाकं होती आणि बाकांवर पेन्शनरही होते, पण ते सगळे पांढरे बूट घालून तब्येतीसाठी आलेले. आप्पा तब्येतीसाठी कधी बसले नाहीत. मांडवीला संध्याकाळी भेळवाल्यांची गर्दी, बाकी दिवसभर वारा. मिरकरवाड्याचा लिलाव त्यांना नक्की आवडला असता. आडतीवर तुरीचा सौदा कसा होतो हे ते तासन्‌तास उभे राहून बघायचे. पण आप्पा गळ्यात लिंग घालणारे, लसूणसुद्धा सोमवारी न खाणारे; मासळीच्या वासाने ते बंदरापर्यंतसुद्धा आले नसते. मी यादी करत गेले आणि खोडत गेले, सगळी मनातल्या मनात, चढावर धापा टाकत.

शेवटी खालच्या बाजारापलीकडे एका देवळापाशी मला पिंपळ सापडला. त्याला पार होता, पारावर म्हातारी माणसं होती, आणि त्यातला एक जण चक्क काही न करता बसला होता. मी सायकल थांबवून त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिले की तो अवघडला. त्या दिवशी चढ मला लागलाच नाही.

संक्रांतीनंतर आप्पा आले. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल आणि एका फडक्यात थोडी करडई, बियाण्याची. बी कशाला आणलं विचारलं तर म्हणाले, घरात थोडं बी असावं. खुरपंही आणलं होतं. खांद्याला लावायची त्यांची खाकी पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि पहिल्या दिवशी सगळ्या खोल्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर घरातलं एकही भांडं रिकामं नव्हतं. बादल्या, पातेली, कुकर, दुधाचं भांडं, सगळं पाण्याने भरून ओळीने मांडलेलं. इथे नळ रोज येतो, असं मी सांगितलं. आज आला म्हणून उद्या येईल कशावरून, हा त्यांचा सवाल. लातूरच्या माणसाला यावर उत्तर देता येत नाही. मी चहासाठी एक पातेलं रिकामं मागून घेतलं.

पारावर नेलं तेव्हा मला स्वतःचंच लग्न ठरवायला नेल्यासारखी धडधड होत होती. माणसं सज्जन होती. त्यांनी आप्पांना जागा करून दिली आणि विचारलं, कुठले? लातूर म्हटल्यावर एकाने विचारलं, भूकंप झाला ते का? दुसऱ्याने विचारलं, रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते का? आप्पा दोन्हीला हाव म्हणाले. मग लातूर संपलं. माणसं आंब्याच्या मोहराकडे वळली, या वर्षी तुडतुडा किती आहे आणि फवारणी कधी करायची. आप्पांनी मधे एकदा तुरीचं काढून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मोहर सुरू झाला. दोन दिवस ते गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चांगली माणसं हायेत, पण आपलं काय काम तिथं.

त्यानंतर ते दिवसभर कुठे जातात ते मला कळेना. विचारलं की म्हणायचे, फिरून आलो. एकदा ऑफिसातला शिपाई म्हणाला की तुमचे वडील एसटी स्टँडवर दिसले, काल पण होते. दुपारी मी सायकल काढून गेले. लातूरची गाडी जिथे लागते त्या फलाटासमोरच्या बाकड्यावर आप्पा बसले होते, मांडीवर पिशवी, आणि गाडीत चढणाऱ्यांना गाव विचारत होते. कुणी औशाचा निघाला, कुणी उदगीरचा, की त्यांचा चेहरा उजळायचा. गाडी सुटली की ते उठायचे. मी खांबामागून पाहिलं आणि तशीच परत फिरले. समोर जाऊन काय बोलणार होते मी? राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. परतताना मी माळनाक्याचा चढ सायकलवरून न उतरता चढले, पोटऱ्या फुटायची वेळ आली.

त्या रात्री त्यांनी आपण होऊन सांगितलं. "हितं आभाळ दिसत न्हाई, माय. जिकडं बघावं तिकडं झाड नाहीतर भिंत. नजर कुठवर टाकावी माणसानं? जीव बेजार होतो."

हे मला कळलं, कारण माझंही पहिल्या वर्षी तेच झालं होतं. मी त्यावर सायकल घेतली होती. आप्पांना काय घेऊन द्यायचं?

रविवारी मी त्यांना भाट्याला, खाडीपुलापलीकडच्या किनाऱ्यावर, न्यायचं ठरवलं. या बाजूला सपाट असं तेवढं एकच आहे. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. उतारावर त्यांना कॅरिअरवर बसवलं, सपाटीला ते उतरून माझ्याबरोबर चालले. राजिवड्यापाशी एका दाढीवाल्या मुसलमान म्हाताऱ्याला आप्पांनी रस्ता विचारला, तो आमच्या निझामाच्या मुलखातल्या सवयीने दखनी हिंदीत. "मराठीत बोला हो," तो म्हणाला, "माझी हिंदी कच्ची आहे." आप्पांना याचं इतकं नवल वाटलं की पूल येईपर्यंत ते तेच बोलत होते. पुलावर मात्र ते कठड्याकडे वळले. खाली ओहोटी होती. खाडी मधोमध एका पट्ट्यापुरती उरली होती आणि दोन्ही काठांना काळाभोर गाळ उघडा पडला होता, लांबच लांब, संध्याकाळच्या उजेडात ओला. आप्पांनी माझ्या सायकलीचं हँडल धरलं आणि मला थांबवलं.

"हे कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

कुणाचंच नाही, मी म्हणाले.

इथे गाळपेर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं. पाणी मागे हटलं की खाली गाळ उघडा पडतो, आणि तो गाळ असा कसदार की बी नुसतं टाकलं तरी येतं. धरणाकाठची माणसं पाण्याच्या कडेला खुंट ठोकतात. दुसऱ्या दिवशी पाणी खुंटाच्या खाली गेलं की मोकळ्या पट्टीत एक तास, म्हणजे एक ओळ, पेरायचा. तिसऱ्या दिवशी आणखी खाली, आणखी एक तास. असं पाण्याच्या मागे मागे पेरत जायचं. एकदा उतरलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही, यावरच सगळं चालतं. आप्पांनी जन्मभर हे केलेलं. धरणात गेलेल्या आमच्या जमिनीवर ते उन्हाळ्यापुरते असे परत जायचे.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा स्टँडवर जायचे बंद झाले. सकाळी भाकरी बांधून घ्यायचे आणि खाडीकाठी. आतल्या बाजूला, कांदळवन संपतं तिथे एका जुन्या गडग्याखाली, त्यांनी पाण्याची ओली रेघ पाहून खुंट ठोकला. संध्याकाळी मला बातमी द्यायचे. पाणी दिवसातून दोनदा वरखाली होतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. असंल समुद्राची खोड. त्यांची नजर होती ती पाणी जास्तीत जास्त कुठवर चढतं त्या रेघेवर. आणि ती रेघ रोज खाली जात होती. "रोज हातभर उतरायलंय," ते जेवताना म्हणायचे. त्यांनी गाळ जिभेला लावून पाहिला होता. खारट होता, पण करडईला थोडं खारं चालतं असं त्यांचं म्हणणं. उशीर झाला होता खरा, पण बघू. खुंटाच्या खाली पहिला तास खुरप्याने ओढून त्यांनी करडई टोकली. मग दुसरा. घरातली भरून ठेवलेली पातेली आता बाटल्यांत रिकामी व्हायला लागली, कारण वरून गोडं पाणी शिंपडायला लागत होतं.

मी खूश होते. एवढी खूश की नीट विचार करायचं मला सुचलंच नाही. भरती-ओहोटी मी शाळेत शिकले होते, उधाणाची भरती कधी येते आणि भांगाची कधी हेही आकृती काढून लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. पण ते पेपरात लिहायचं असतं, अशीच आमची समजूत. समुद्र बघायला आमच्याकडून कोण आलं होतं? आणि वर्षभर अख्खं शहर पिंजून काढलं तरी पाण्याच्या एका रेघेपाशी मी सलग दोन दिवस कधी उभी राहिले नव्हते. मी आपली ऑफिसातून सुटले की सायकल सोडायचे ती उतारावरून थेट पुलापर्यंत, आणि लांबूनच मला ते पांढरं धोतर दिसायचं, वाकलेलं. मग मी जरा निवांत श्वास घ्यायचे.

अष्टमीच्या सुमाराला रविवार होता. मी गेले तेव्हा आप्पांचे तास गडग्यापासून खाली पार लांबवर गेले होते, सरळ, सारख्या अंतरावर. तिथे ओहोटीला गाळात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला बायका यायच्या. त्यातल्या एका वयस्कर बाईने पदर खोचता खोचता आमच्याकडे पाहिलं. हे काय लावलंत, तिने विचारलं. आप्पांनी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "अवसेला पाणी पार त्या गडग्याला लागतं, बाबा. हे सगळं जाणार."

"धरणाकाठी केस पिकले माझे," आप्पा म्हणाले. "उतरलेलं पाणी पावसाबिगर चढत न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खुंटाकडे पाहिलं. खुंट कोरडा होता, आजूबाजूची माती भेगाळली होती, आणि भरतीचं पाणी त्या घटकेला पार खाली, शेवटच्या तासाच्याही खाली थांबलं होतं. मला आप्पांचंच खरं वाटलं. खरं असावं असं वाटत होतं म्हणून तसं वाटलं असेल, पण वाटलं.

त्यानंतर एक-दोन दिवसांत वरच्या तासाला कोंब दिसले. आप्पांनी मला ऑफिसात फोन केला, जे ते कधीच करत नसत. आणि त्याच आठवड्यात सगळ्यात खालचा तास पाण्याखाली गेला. वारं होतं, ढकललं असंल, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचा गेला. जेवताना त्यांनी रेघेचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते खुरप्याने बांध घालत होते, कोंबांच्या तासाला आडवा, गाळ थापटून थापटून. मी सायकल टाकली आणि वाकून गाळ ओढायला लागले. बराच वेळ आम्ही दोघं बांध घालत होतो. समोर पाणी येत होतं, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं.

अमावस्येला मी जेवणाची सुट्टी होताच निघाले. पुलावरूनच दिसलं. गाळ कुठेच नव्हता. खाडी या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली, पाणी गडग्याच्या चिऱ्यांना लागून हेलकावत होतं, आणि आप्पा गडग्यावर पाय वर घेऊन बसले होते. खुंटाचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले. डबा उघडला, कुणी खाल्लं नाही. मला त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. आता गाडीचं म्हणतील, आता म्हणतील, असं वाटत होतं. त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकून टाकलं.

रात्री त्यांनी आपले कपडे घडी करून ठेवले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं चित्त नव्हतं. एकाच कागदावर मी दोनदा सही केली. शेवटी बरं वाटत नाही असं सांगून दुपारी बाहेर पडले. घरी आले तर दाराला कुलूप, आत आप्पा नाहीत, आणि खुंटीवरची खाकी पिशवीही नाही. ती पिशवी घेतल्याशिवाय ते गाव सोडत नाहीत. सांगून जायचं तरी, मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. मी बसवून देणार होते ना गाडीत? ठरलं होतं ना तसं?

स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. बाकडं रिकामं होतं. मी गाडीत चढले आणि सगळी बाकं पाहिली, मागच्या सीटपर्यंत, झोपलेल्या माणसांच्या तोंडावरच्या टोप्यांसकट. कंडक्टर विचारायला लागला, कोण पाहिजे? वडील, म्हटलं, उंच, धोतर, पिशवी. असं कुणी चढलं नव्हतं. मग मला ते आठवलं जे मी इतके दिवस आठवू देत नव्हते. चक्कर. कुठल्यातरी पाखाडीच्या पायऱ्यांवर, कुणाच्या तरी गडग्यापाशी, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही. ज्या शहरात त्यांच्यासाठी जागा शोधत मी फिरले, त्याच शहरातून मी पुन्हा सायकल पळवत होते, तीच ठिकाणं उलट्या क्रमाने. पारावर गेले. माणसं म्हणाली, नाही आले, मोहराचं बोलता बोलता. राम आळीतून उतरताना दोघांनी शिव्या घातल्या, त्यांच्याकडे वळून बघायलाही मला वेळ नव्हता. मांडवीला फक्त वारा. हात ब्रेकवर इतके घट्ट धरले होते की राजिवड्यापाशी उतरले तेव्हा बोटं सरळ होईनात.

पुलावरून मला पांढरं धोतर दिसलं.

मी सायकल तिथेच आडवी केली आणि चालत गेले. पाणी उतरायला लागलं होतं. गडग्यापाशी तिसऱ्यावाल्या बायका गाळ उघडा पडायची वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ, जरा अंतर राखून, आप्पा. पिशवी शेजारी, खुरपं पिशवीवर. त्यांनी गडग्याच्याही वर, चिऱ्यांच्या फटीत, नवा खुंट ठोकला होता. मला पाहून म्हणाले, एवढ्या उन्हाची कशाला आलीस. मी खाली बसले आणि रडले, त्या बायकांसमोर, लाज न बाळगता. त्यांनी तोंडं दुसरीकडे केली.

माझं रडणं थांबेपर्यंत आप्पांनी नवा खुंट हलवून घट्ट केला. मग त्या वयस्कर बाईकडे वळून त्यांनी विचारलं, "आता कवा उतरंल?"

आजपासूनच उतरणार, ती म्हणाली. अष्टमीपर्यंत रोज थोडं थोडं. मग परत चढेल, पौर्णिमेला पुन्हा गडग्याला लागेल.

"पावसाबिगर?"

"पावसाचा काय संबंध, बाबा? ते आपलं येतं."

आप्पा पाण्याकडे बघत राहिले. वाहून गेलेल्या करडईचं ते एक अक्षर बोलले नव्हते, पुढेही कधी बोलले नाहीत. "आपल्याकडं एकदा उतरलं की किती वाट बघावी लागती, माय," ते म्हणाले. "वरसंच्या वरसं. आन् हितं आपलं आपण येतंय." त्यांचा आवाज मला वेगळाच वाटला, दुसऱ्या कुणाच्या भाग्याबद्दल बोलावं तसा. त्या बाईने त्यांना सांगितलं की नव्या खुंटापर्यंत पाणी फक्त पावसाळ्यातल्या उधाणालाच येतं. त्यावर आप्पांनी मान हलवली. हे त्यांना स्वतः बघितल्याशिवाय पटणार नव्हतं, ते दिसतच होतं.

गाळ उघडा पडू लागला तशा बायका उठून खाली गेल्या. जुना खुंट दिसायला लागला, तिरका झालेला, ओला. वर रस्त्याने एसटी गेली. ती लातूरचीच होती असं नाही, पण दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलंच. गाडीचं काय करायचं, आप्पा?

त्यांनी खुरपं पुसून पिशवीत ठेवलं.

"अष्टमी बघून जाऊ म्हणतो," ते म्हणाले.

वाद घालायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं. मी घातला नाही.